ठिपका नसलेली ओळ

आमच्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत किंवा गाडीखाली शिरायचं आणि जे दिसेल ते मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने पाठ करून बसायचं आणि जे ऐकू येईल ते लिहायचं. वाचणाऱ्याने गाडीचे कागद आधी पाहायचे नाहीत आणि लिहिणाऱ्याने गाडी पाहायची नाही. सगळं वाचून झालं की मग लिहिणाऱ्याने स्वतः उठून तोच भाग डोळ्यांनी पाहायचा. हा नियम माझ्या बायकोने घातला होता. मी मोटारींच्या कारखान्यात तेवीस वर्षं तपासनीस होतो, पण असा नियम तिथेही नव्हता. ती म्हणायची, "अहो, तुम्हाला जे हवं असतं तेच तुम्हाला दिसतं. म्हणून काय हवंय ते तुम्हाला आधी सांगायचंच नाही."

कारखान्यातली नोकरी सुटल्यावर आम्ही दोघं जुन्या गाड्या तपासायचो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी कोणी नव्यासारखी करून घेतो, आणि मग त्याला किंवा विकत घेणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की यातलं मूळ काय आणि मागाहून बसवलेलं काय. इंजिनावर ठोकलेला नंबर, चासीवरचा नंबर, काचेच्या कोपऱ्यातली बारीक खूण, ओतीव भागावरची तारीख, पत्र्याच्या पट्टीचे रिव्हेट. एका गाडीवर अशा चाळीस-पंचेचाळीस जागा असतात. नंबरावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की त्याचा छाप कागदावर येतो. ते छाप ती वहीत चिकटवायची आणि समोर नोंद लिहायची. अशा चौदा वह्या झाल्या. वह्या तिच्या, गाडीखालचा भाग माझा. मी त्या वह्या कधी नीट उघडूनही पाहिल्या नाहीत. काही हवं असलं की तिला विचारायचो, ती पान काढून द्यायची.

ती जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून मी तीन गाड्या पाहिल्या. आत शिरतो, वाचतो, सरपटत बाहेर येतो, लिहितो, पुन्हा आत शिरतो. दुसऱ्या गाडीच्या वेळी चासीचा नंबर वाचून झाल्यावर सवयीने विचारलं, "आलं का?" कोणी काही बोललं नाही. मी थोडा वेळ तिथेच पडून राहिलो. जमीन गार होती, पाठीला बरं वाटलं. मग उठलो आणि लिहिलं.

मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होतो.

"भाऊजी, बसला आहात का? नसाल तर बसा."

"मी दिवसभर बसलेलाच असतो. बोल."

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं जुन्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. तिथे सगळे त्याला बारीक म्हणतात, कारण तो अजिबात बारीक नाही. बहीण गेल्यापासून त्याने एकच ध्यास घेतला होता. जुन्या गाड्यांची एक मोठी संघटना आहे, तिचे तीसेक तपासनीस गावोगाव फिरतात. त्या संघटनेने ताईच्या चौदा वह्यांच्या प्रती काढाव्यात, त्यावर तिचं नाव घालावं, आणि सगळ्या तपासनीसांनी त्या जवळ ठेवून काम करावं, असं त्याने त्यांच्या मागे लागून जवळजवळ ठरवून आणलं होतं.

"सचिवांचं पत्र आलंय. तयार आहेत. फक्त एक अट घातलीय. वह्यांतली एक जुनी गाडी पुन्हा पहिल्यापासून तपासायची. नवी तपासणी आणि ताईची नोंद जुळली की झालं. त्यांनी गाडीपण निवडली, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. माझ्याकडेच उघडी पडलीय, सगळं सुटं आहे. तुम्ही फक्त या, नजर फिरवा आणि सही करा. शुक्रवारपर्यंत पाठवायचंय."

"आणि नाही जुळली तर?"

"काहीतरीच काय बोलता! ताईची नोंद आहे."

ते खरं होतं. या धंद्यात लोक माझ्यावर विश्वास ठेवत नव्हते, तिच्या वहीवर ठेवायचे. दोन गाडीवाले भांडत माझ्याकडे यायचे आणि मला ओलांडून तिला विचारायचे, "वहिनी, वहीत काय आहे?" वही उघडली की भांडण मिटायचं. तिचं एवढंच मागे राहिलं होतं. मुलंबाळं आम्हाला नाहीत.

बुधवारी सकाळी मी गॅरेजवर गेलो.

"आलात! दाढी तरी करायची होती, भाऊजी. ताई असती तर दारातून परत पाठवलं असतं."

"ताई असती तर केली असती."

त्याने माझ्यासाठी स्टूल ओढलं. मग म्हणाला, "चहा सांगतो."

गाडी दोन ठोकळ्यांवर उभी होती. बॉनेट काढून भिंतीला टेकवलं होतं. डॉक्टरीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. गाडी त्यांच्या वडिलांची. नऊ वर्षांपूर्वी आम्ही ती तपासली तेव्हा वडील होते. ते गेल्यावर बाईंनी ती बारीककडे दुरुस्तीला टाकली होती.

"काका, मी मध्येमध्ये करणार नाही. बॅटरी धरते फक्त. मला दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात उजेड पाडायची सवय आहे."

बारीकने पाठ करून लिहायला बसायला हवं होतं. पण त्याच्या दारात दुसरी गाडी टो करून आणली होती आणि तिचा मालक ओरडत होता. "तुम्ही घ्या हो पाहून," तो लांबूनच म्हणाला. मी एकट्यानेच सुरुवात केली. अलीकडे मी कोणाशी वाद घालत नाही.

काचा पाहिल्या. पाचही मूळ. दाराच्या बिजागऱ्या, पट्टीचे रिव्हेट, दिव्यांच्या मागचे शिक्के, सगळं ठीक. गुडघे कुरकुरत होते. ब्रेकच्या पेडलवरचं रबर एका कोपऱ्यात झिजून पार कागद झालं होतं. बाई म्हणाल्या, "ते बदलायचं नाही असं मी यांना सांगून ठेवलंय. बाबा पाय तिरका ठेवायचे." मी लिहिलं, रबर मूळ, झिजलेलं.

मग इंजिनाकडे आलो.

ही गाडी ज्या कारखान्यात बनली तिथे इंजिनावर नंबर ठोकायच्या आधी ती जागा एका रुंद पात्याने तासून सपाट करायचे. त्या पात्याच्या केसासारख्या बारीक, सरळ, एकाच दिशेच्या रेघा लोखंडावर राहतात. नंबर त्या रेघांवर ठोकलेला असतो. कोणी मागाहून जुना नंबर घासून दुसरा ठोकला तर नंबर हवा तसा करता येतो, पण त्या रेघा परत आणता येत नाहीत. माझी बायको त्या रेघांना कंगवा म्हणायची. कंगवा आहे म्हणजे इंजिन मूळ. नाही म्हणजे नाही. बाकी कितीही जुळू दे.

मी भिंग लावलं. नंबर कागदांवर होता तोच होता. अंक सारखे होते. खाली कंगवा नव्हता.

मी जागा कापडाने पुसली, बाईंना उजेड तिरका धरायला सांगितला. कडेला, जिथे झाकण बसतं तिथे, बोटभर पट्टीत कंगवा स्वच्छ दिसत होता. नंबराखाली नव्हता. तिथे वाकडेतिकडे ओरखडे होते, कानशीचे. लोखंड तेवढ्यापुरतं किंचित खोल गेलं होतं.

"बारीक," मी हाक मारली. "यावर काय फिरवलंस तू?"

तो हात पुसत आला. "कापड आणि रॉकेल. का?"

"पॉलिश पेपर? ब्रश?"

"भाऊजी, ताईने काम शिकवलंय मला. नंबराच्या जागेला हात लावला असता तर तिने हात तोडला असता माझा."

मी पुन्हा पाहिलं. ओरखड्यांच्या तळाशी गंज बसलेला होता, काळा, घट्ट. तो नऊ वर्षांत बसत नाही, वीस-तीस तरी लागतात. म्हणजे आम्ही पहिल्यांदा तपासलं तेव्हाही हे असंच होतं.

"काका, काय झालं?" बाईंनी विचारलं. "माझ्याकडे येणाऱ्याला मी असं गप्प राहून पाहिलं की तो घाबरतो."

"थोडं थांबा," मी म्हणालो.

बारीकने मला हवेच्या पंपापाशी नेलं. पंप चालू होता, त्यामुळे आमचं बोलणं बाईंना ऐकू जाणार नव्हतं.

"काय लिहिताय?"

"कंगवा नाही."

"लिहा की आहे."

"नाही ना पण."

"नऊ वर्षांपूर्वी होता की. ताईने लिहिलंय, कंगवा आहे, इंजिन मूळ. मीच वही पाहून सचिवांना कळवलंय."

"तिने लिहिलंय म्हणून तिथे उगवणार आहे का?"

"भाऊजी," तो म्हणाला, आणि त्याने माझं मनगट धरलं. त्याचा हात तेलकट होता. "एक ओळ आहे. चौदा वह्यांत एक. त्यापायी सगळं घालवणार? ते लोक वाटच पाहतायत. एक चूक सापडली की म्हणतील, बाईने घरी बसून वह्या रंगवल्या. अर्धे आत्ताच म्हणतात. आणि डॉक्टरीणबाईंनाही बरं वाटेल, वडिलांचं इंजिन आहे म्हणून. कोणाचं काय जातंय?"

मी मनगट सोडवून घेतलं.

"ताई चुकली असं लिहिणार का तुम्ही? तुम्ही? स्वतःच्या हाताने?"

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना," मी म्हणालो. "घरी जाऊन वही पाहतो."

खोटं सांगत नाही, घरी जाताना मी जवळजवळ ठरवलं होतं. एक शब्द लिहायचा होता. तिने तो आधीच लिहिला होता, मी फक्त पुन्हा लिहायचा. मी थकलो होतो. दहा महिने लोक येऊन तिच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी मान हलवत होतो. आता मीच उठून तिला खोटं पाडायचं, एवढी ताकद कुठून आणायची?

घरी आलो. दूध तापायला ठेवलं आणि कपाटातून सहावी वही काढली. तिच्या वह्या जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येकीच्या पाठीवर आकडा. पान सापडलं. गाडीचा रंग, तारीख, आणि मग एकाखाली एक चव्वेचाळीस ओळी. इंजिनाच्या ओळीत तिच्या अक्षरात, नंबर जुळतो, कंगवा आहे.

शेजारी छाप चिकटवला होता. अंक ठळक आले होते. अंकांच्या मागे काहीच नव्हतं. कंगवा असता तर छापात बारीक रेघा आल्याच असत्या. बाकी पानांवर आल्या होत्या. छाप जाड कागदावर होता आणि वाकडा घासलेला. तिच्या हातचा नव्हता. माझ्या हातचा होता.

मग हळूहळू आठवलं. त्या आठवड्यात तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. पायरीवरून घसरली होती. लिहिता येत होतं, पण वाकून एका हाताने टेकू घेऊन दुसऱ्या हाताने छाप काढणं जमत नव्हतं. म्हणून मी म्हणालो होतो, तू बस, मी दोन्ही करतो. मालकाने गाडीचे कागद माझ्या हातात दिले होते आणि मी ते पाहिले होते. हवा तो नंबर मला माहीत होता. मी तेलाचा थर जेमतेम पुसला, नंबर जुळला, आणि मी ओरडून सांगितलं, "आहे!"

संध्याकाळी याच टेबलावर ती छाप हातात धरून बसली होती.

"अहो, कंगवा दिसला का तुम्हाला?"

"दिसला."

"कागदावर आला नाही."

"तेल होतं. आणि पातळ कागद संपला होता."

"उद्या परत जाऊन पाहायचं का? प्लास्टर निघालं की मी..."

"तुझा माझ्यावर भरवसा नाही का?"

हे मी मोठ्याने म्हणालो होतो. मला भूक लागली होती आणि पाठ दुखत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "आहे हो," म्हणाली, आणि लिहून टाकलं.

दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठून गॅस बंद केला, ओटा पुसला नाही, परत येऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं की बाकीच्या ओळींच्या शेवटी पेन्सिलीचा एकेक ठिपका आहे. हे ठिपके मी पूर्वीही ओझरते पाहिले होते. लिहून झाल्यावर पेन्सिल टेकवायची तिची सवय असेल असं मला वाटायचं. इंजिनाच्या ओळीपुढे ठिपका नव्हता. तिच्या खालच्या सहा ओळींपुढेही नव्हता. चासी, मागचा अॅक्सल, गिअरबॉक्स. एका हाताने जिथे पोचता येणार नाही अशा जागा.

मी पहिली वही काढली. पहिलं पान उघडलं. वीस वर्षं ती वही आमच्या घरात होती आणि ते पान मी पहिल्यांदा पाहत होतो. वर तिने लिहिलं होतं:

"ओळीपुढे ठिपका म्हणजे मी स्वतः पाहिलं. ठिपका नाही म्हणजे यांनी सांगितलं."

मी ते पुन्हा वाचलं. ती चुकली नव्हती. माझ्यावर भरवसा होता म्हणून तिने 'कंगवा आहे' असं लिहिलं, आणि वहीत जे खरं होतं तेही ठेवलं. मला कळू न देता. मी कधी वही उघडली असती तर मला कळलं असतं.

मग मी सगळ्या वह्या टेबलावर मांडल्या आणि ठिपके पाहत गेलो. दुसरं काही सुचत नव्हतं. सातवीत सगळ्या ओळींना ठिपके. आठवी, नववी, दहावी, सगळीकडे ठिपके. अकरावीतही. बारावीच्या मध्यापासून चासीच्या ओळीचा ठिपका गेला. पुढच्या गाडीला होता, त्याच्या पुढच्या तीन गाड्यांना नव्हता. मग अॅक्सलचा गेला. जे पाहायला खाली झोपावं लागतं त्या सगळ्या ओळी हळूहळू रिकाम्या झाल्या. तेराव्या वहीत इंजिनाचे ठिपके गेले, जिथे नुसतं वाकावं लागतं. चौदावीत काचा आणि दारं एवढेच उरले, उभ्याने दिसणारे. शेवटच्या गाडीला एकच ठिपका होता, मागच्या काचेच्या खुणेपुढे. ती गाडी आम्ही तपासली तेव्हा तिने मागच्या बाजूला खुर्ची मागून घेतली होती, ते मला आठवलं.

डॉक्टरांनी आम्हाला दुखणं सांगितलं तेव्हा चौदावी वही अर्धी झाली होती. ठिपके त्याच्या दोन वर्षं आधीपासून कमी होत होते. आणि त्या दोन वर्षांत मी तिला काय म्हणत होतो तेही मला आठवलं. "हल्ली तू कंटाळा करतेस. पूर्वी स्वतः उठून पाहायचीस." त्यावर ती म्हणायची, "तुम्ही पाहिलंत ना? मग झालं." माझं काम तिला पटतं असा मी त्याचा अर्थ घेतला होता. मला बरंही वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी बारीक आला. ओट्यावर दूध वाळून चिकटलं होतं. त्याने ते पाहिलं, बाही वर केली आणि आधी ओटा घासला.

"बोला," तो म्हणाला. "काय ठरलं? आहे ना?"

मी त्याला पहिलं पान दाखवलं. मग सहाव्या वहीतलं. मग एकेक करून शेवटच्या तीन वह्या. तो उभा राहून पाहत होता, मग खुर्ची ओढून बसला. चौदाव्या वहीपाशी त्याने खिशातलं गॅरेजचं फडकं काढून नाक शिंकरलं. नाकावर काळा डाग पडला.

"मला तरी सांगायचं होतं तिने."

"मलाच कुठे सांगितलं."

"तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही."

त्याने पुढे काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

"ठिपका नसलेल्या ओळी मी मोजल्या," मी म्हणालो. "दोनशे बारा. एकतीस गाड्या. त्या सगळ्या नुसत्या माझ्या शब्दावर आहेत."

"म्हणजे सगळ्या चुकीच्या?"

"तसं नाही. बहुतेक बरोबरच असतील. पण कोणी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही."

"हे कळवलंत तर तुमची लाज निघेल, भाऊजी. ते सचिव तसलेच आहेत. चारचौघांत वाचून दाखवतील."

"दाखवू दे."

"आणि वह्या?"

"आता तिच्या वह्यांना धक्का लागत नाही. उलट तिने कुठे पाहिलं नाही तेही लिहून ठेवलंय. असं कोण लिहितं? मी तर नाही लिहिलं कधी."

त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे चूक तुमची."

"माझी."

"हे काल सांगितलं असतंत तर मी रात्रभर जागलो नसतो."

पत्र मी त्याच्यासमोरच लिहिलं. इंजिनाच्या नंबराखाली कंगवा नाही, नंबर फार पूर्वी घासून पुन्हा ठोकलेला आहे, सहाव्या वहीतली नोंद चुकीची आहे आणि ती चूक लिहिणारीची नसून वाचणाऱ्याची, म्हणजे माझी आहे. ठिपका असलेल्या नोंदी घ्याव्यात. ठिपका नसलेल्या, दोन माणसांनी पुन्हा पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. सोबत पहिल्या पानाची प्रत आणि त्या एकतीस गाड्यांची यादी जोडली. त्या मालकांना मी स्वतः कळवत आहे असंही लिहिलं. बारीकने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "सहीखाली तारीख घाला, नाहीतर त्यावरून अडवतील."

डॉक्टरीणबाईंना मी फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आई म्हणायची, या गाडीचा आवाज बदललाय. मी शाळेत असताना एक वर्ष गाडी कुठेतरी दुरुस्तीला होती, परत आली त्यानंतरचं हे. बाबा म्हणायचे, आवाज नाही बदलला, तुझे कान बदललेत. मरेपर्यंत कबूल केलं नाही त्यांनी."

"त्यांना माहीत नसेलही," मी म्हणालो.

"होतं हो, काका. बाबांना सगळं माहीत असायचं." मग हसल्या. "पेडलचं रबर तरी त्यांचंच आहे ना?"

"ते आहे. ते मी पाहिलं."

तीन आठवड्यांनी संघटनेचं उत्तर आलं. चार ओळी होत्या. ठिपक्यांच्या नोंदी स्वीकारल्या आहेत, नाव नोंदी ठेवणारीचंच राहील. बाकीच्या नोंदी फेरतपासणी होईपर्यंत वगळल्या आहेत. तपासनीस म्हणून माझं नाव यादीतून तूर्त काढलं आहे. बारीक चिडला. मी पत्र घडी करून पहिल्या वहीत ठेवलं.

"आता काय?" त्याने विचारलं.

"एकतीस गाड्या."

"तुम्हाला यादीतून काढलंय, भाऊजी."

"सही नसेल माझी. वाचता तर येईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या त्याच गाडीकडे पाहिलं. रविवार होता, गॅरेज बंद होतं. त्याने एक लोखंडी खोकं उलटं केलं, गाडीकडे पाठ करून त्यावर बसला आणि नवी वही मांडीवर घेतली. वहीवर त्याने पंधरा असा आकडा घातला होता. मला न सांगता.

मी वाकलो. भिंग लावलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. नंबर. ओरखडे. कडेला कंगवा, नंबराखाली नाही.

"आलं का?" मी विचारलं.

"आलं. जरा सावकाश वाचा, मी काय कारकून आहे?"

मग तो उठला. पोट आडवं येत होतं, त्यामुळे त्याला बाजूने वाकावं लागलं, आणि वाकताना त्याने एक शिवी दिली. भिंग डोळ्याला लावून तो बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं होतं, तो याच्या निम्म्या वेळात उरकेल.

"नाहीये," तो म्हणाला. "खरंच नाहीये."

"लिही मग."

त्याने लिहिलं. पेन्सिल ओळीच्या शेवटी आणून थांबवली. "टाकू?"

"स्वतः पाहिलंस ना?"

"आत्ता तुमच्यासमोर पाहिलं की!"

"मग टाक."

त्याने ठिपका टाकला. जरा मोठाच झाला. मी गुडघ्यावर हात ठेवून खाली बसलो, मग आडवा झालो आणि गाडीखाली सरकलो. अजून सहा ओळी होत्या.